जाईबाईचं तेल आणि सतरा नंबर

जाईबाईचं तेल लावलेला माणूस ओळखायला डॉक्टर लागत नाही. तो बांधावरून उड्या मारत पऱ्ह्याच्या पाण्याकडे धावत असतो, तोंडाने आईबापाला हाका मारत असतो आणि मागून जाईबाई कंबरेवर हात ठेवून ओरडत असते, "झोंबतंय ना? मग गुण येतोय! पळतोस कुठं मेल्या, पाण्यात पाय घालू नको!"

रत्नागिरीहून एसटीने तासाभराच्या वाटेवरची ही वाडी. आषाढ लागला की सगळी बायकामंडळी भाताच्या लावणीला. दिवसभर चिखलात वाकायचं आणि घरी आल्यावर पायाच्या बेचक्यांतल्या चिखल्या चोळत बसायचं. कातडी पांढरी पडून सोलते, भेगा जातात, खाज तर अशी सुटते की भाकरी थापता थापता बाई चुलीच्या कडेवर पाय घासते. त्यावर वाडीला ठाऊक असलेलं औषध एकच, जाईबाईचं गवती चहाचं तेल.

हे तेल तिला कुणा साधुबाबाने दिलं नव्हतं. खालच्या आगरात भास्कर बापटांकडे दालचिनीच्या पानांचं तेल काढायची भट्टी होती आणि पंधरा वर्षं ती जाईबाईने सांभाळली. किती लाकूड घालायचं, वाफ कधी धरायची, नळीवर थंड पाण्याचं फडकं कधी बदलायचं, हे तिला नुसत्या वासावर कळायचं. बापटांनी पुढे स्टीलचं यंत्र आणलं तेव्हा जुना तांब्याचा हंडा आणि नळी तिने मागून घेतली आणि स्वतःच्या मागील दारी गवती चहाच्या पातीवर चालू केली. पहिल्याच वर्षी हंडा, नळी आणि वाफ बघून हातभट्टीच्या संशयाने एक हवालदार आला. जाईबाईने त्याला शांतपणे बूट काढायला लावले, त्याच्या बेचक्यांवर चार थेंब सोडले, आणि पंचनामा तिथेच राहिला. जाताना तो एक बाटली घेऊन गेला, अनवाणी.

तेल जसं, तशीच जीभ, असं वाडीत म्हणत. हळू म्हणत.

आता एक गोष्ट वाडीला ठाऊक नव्हती. ती फक्त जाईबाईला आणि तिच्या नवऱ्याला, धोंडूला ठाऊक होती, आणि धोंडूला तिने बोलायची बंदी केलेली होती. जाईबाईच्या स्वतःच्या पायांना अकरा वर्षं चिखल्या होत्या. बऱ्या होत नव्हत्या. ती तेल लावायची, दात चावून झोंबू द्यायची, दोन दिवस वाळल्यासारखं व्हायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लालबुंद. मग ती आणखी तेल लावायची.

धोंडू मुंबईला गोदीत नोकरी करून परत आलेला, स्वभावाने मऊ भात. तो अधूनमधून म्हणायचा, "अगो, तू आता चिखलात उतरतसुद्धा नाहीस. तरी ह्या जात नाहीत. तुझं ते तेल जरा थांबवून बघतेस काय?"

"अवो, तुम्ही गोदीत गोणी मोजल्यात. गोणीच मोजा," असं उत्तर यायचं आणि विषय संपायचा.

तो चिखलात उतरत नाहीस म्हणाला, तिथेच खरं दुखणं होतं. जाईबाई लावणीतली पहिली बाई. ओळीच्या टोकाला ती उभी राहायची, तिच्या हाताला हात लावून बाकीच्या यायच्या, आणि तिने लावलेलं रोप कधी तरंगलं नाही. अकरा वर्षांपूर्वी पाय इतके चिरले की चिखलात ठेववेनात. औषधवाल्या बाईच्याच पायाला चिखल्या, असं कोण ऐकून घेईल? तिने सगळ्यांना सांगितलं की गुडघ्यात वात आला. धोंडूचे गोदीतले तपकिरी मोजे पायांत चढवले, प्लास्टिकच्या चपला घातल्या आणि बांधावर बसून तरव्याच्या, म्हणजे लावायच्या रोपांच्या, मुठी बांधायला लागली. तिथून ती ओरडायची, "गो, ती ओळ बघ, साप गेल्यासारखी गेलेय!" बायका हसायच्या. खाली चिखलात हात घालायला तिचा जीव किती तुटायचा ते एकट्या धोंडूला दिसायचं, कारण घरी आल्यावर ती भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

यंदा वैशाखात तिची भाची रसिका आली. भावाची मुलगी, रत्नागिरीला कॉलेजात संशोधन करणारी, घरातली पहिलीच. आली ती सरळ मुद्द्यावर.

"आत्या, तुझं तेल पायजे. आहे तेवढं सगळं."

"कुणाला लावणार?"

"लावणार नाही, बारीक करणार. हे बघ, तुझं तेल निम्मं वाऱ्यावर उडतं आणि उरलेलं एकदम कातडीवर तुटून पडतं. मी त्याचे बारीक कण करते आणि प्रत्येक कणाभोवती कवच घालते. कवच कातडीला चिकटून राहतं आणि तेल आतून बेताबेताने सुटतं. नॅनो म्हणतात त्याला."

"केवढे बारीक?"

"एका केसाच्या जाडीत आठशे बसतील."

जाईबाईने धोंडूच्या टकलाकडे पाहिलं. "आमच्यात मोजायला केस कुठं हाय? बरं, दाखव."

"दिसत नाहीत, आत्या."

"दिसत नाय, मग हायत कशावरनं?"

"मोठ्या यंत्रात दिसतात."

"आणि कवच कसलं?"

रसिका जरा घुटमळली. "कोळंबीच्या सालांचं. मिरकरवाड्याच्या बंदरावरून पोतं आणते, धुते, उकळते, साफ करते. त्यातून काढते."

जाईबाई हसायची थांबेना. "गो बाय, कोळंबी आम्ही खातो आणि सालं कोंबड्यांना टाकतो. तू शिकून शिकून शेवटी कोंबड्यांच्या पंगतीला बसलीस!"

पण भाची लाडकी. शिवाय तिच्या आवाजात काहीतरी होतं. तीन वर्षं ती यावर राबत होती. आता माणसांवर वापरून बघायची परवानगी कॉलेजच्या समितीने दिली होती, कागदांवर सह्या घेऊन, वरून लावण्यापुरती. चिखल्या आषाढातच होतात आणि लावणी वर्षातून एकदाच येते. तिची शिष्यवृत्ती फाल्गुनात संपत होती. हा एक आषाढ हुकला की सगळं फुकट, आणि मग मंडणगडच्या शाळेत नोकरी तयार आहेच, असं तिचे वडील रोज ऐकवत होते.

"म्हणजे ह्या लावणीवर तुझं सगळं," जाईबाई म्हणाली.

"सगळं. आणि बायका फक्त तुझं ऐकतात."

तीस बाटल्या, तीस नंबर. पंधरांत औषध, पंधरांत तसंच दिसणारं पाणी: सालांचे कण होते, पण आत तेल नाही. कुठली कुठे ते रसिकालाही माहीत नाही. यादी तिच्या मार्गदर्शक उल्का मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटात. सहा आठवडे लावायचं, मग पाकीट फोडायचं आणि ज्यांना रिकामी आली त्यांना खरं औषध द्यायचं. हे सगळं बायकांना आधीच समजावून सांगितलं. एक अट जाईबाईसाठी होती: या सहा आठवड्यांत तिचं स्वतःचं तेल कुणालाही मिळता कामा नये. रसिकाला लागलं तेवढं तिने नेलं, उरलेलं कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि जाईबाईच्याच सांगण्यावरून किल्ली रत्नागिरीला नेली.

"माझा माझ्यावर भरवसा नाय," जाईबाई म्हणाली. "कोण रडत आली तर मी देऊन टाकीन."

तिसऱ्याच दिवशी विमल, म्हणजे सतरा नंबर, लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली. जाताना बाटली जाईबाईकडे टाकून गेली, रसिकाला परत द्यायला. जाईबाईने ती फडताळात ठेवली. संध्याकाळी पाय असे आग करायला लागले की ती फडताळाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. तेलाचं कपाट बंद. घरात दुसरं काही नाही.

"विमल मुंबईला गेली. बाटली काय फुकट घालवायची?" ती भिंतीला म्हणाली.

भिंतीऐवजी धोंडूने उत्तर दिलं, "मी काही बघितलं नाही."

लावलं तर काय! ना वास, ना झोंबणं. नळाचं पाणी बरं. जाईबाईने हळहळून मोजे चढवले. माझं सोन्यासारखं तेल, पोरीने सालांत कोंडून मारलं, असं तिला वाटलं. तरी रोज लावत राहिली, सकाळ-संध्याकाळ, कारण हातालाच सवय होती.

इकडे वाडीत बोंब सुरू झाली. बाटलीला वास नाही म्हणून बायका नाकं मुरडायला लागल्या. औषध म्हणजे कसं, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्यात श्रावण लागला आणि यमुनाबाईंनी नवाच घोळ घातला. यमुनाबाई वरच्या आळीतल्या, सोमवार-शनिवार कडक करणाऱ्या. त्यांना कुणीतरी सांगितलं की बाटलीत कोळंबी आहे.

"जाई, मी श्रावण पाळते. पायाला म्हावरं लावून देवघरात जाऊ?"

"यमुनाबाई, गेल्या श्रावणात तुम्ही मळ्यात उभ्या व्हतात आणि पायाला कुर्ली डसली. तुमचा श्रावण मोडला की कुर्लीचा?"

यमुनाबाई विचारात पडल्या. पण बाटली काही लावली नाही.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी रसिका बायकांच्या नोंदींच्या वह्या गोळा करायला आली. शाळेच्या पडवीत बायका बाटल्या घेऊन जमल्या. तिने एकेक बाटली उजेडात धरली. तीन नंबर, भरलेली. आठ नंबर, भरलेली. अकरा, वीस, सव्वीस, जवळजवळ भरलेल्या. निम्म्याहून जास्त बायकांनी आठवडाभर लावून सोडून दिलं होतं.

"गो बाय, गुण कसा येणार?" यमुनाबाई मायेनेच म्हणाल्या. "झोंबतच नाही. आम्ही जाईच्या तेलावर वाढलेली माणसं. जाई, त्या कपाटाची किल्ली मागवून घे कशी."

"हां, किल्ली मागव!" बाकीच्या म्हणाल्या.

रसिका बाटल्या खोक्यात एका ओळीत लावत राहिली. लावून झाल्या, तरी तिने त्या पुन्हा काढल्या आणि पुन्हा लावल्या.

जाईबाई बाकावर बसली होती. वीस वर्षांत झाली नव्हती एवढी तिची तारीफ चालली होती. सगळी वाडी तिच्या तेलासाठी हटून बसलेली. एका शब्दावर तिचं नाव आणखी दहा वर्षं चाललं असतं. आणि मोज्यांच्या आत, चार दिवसांपासून, तिला ठाऊक होतं काय आहे ते. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिवा जवळ आणून पाहिलं. मग धोंडूला बोलावून पाहायला लावलं. धोंडूने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं होतं.

"गप बसा सगळ्या," जाईबाई म्हणाली.

वाकली आणि तिने डावा मोजा ओढून काढला. मग उजवा. अकरा वर्षं ज्यांनी ऊन पाहिलं नव्हतं असे दोन फिकट पाय तिने बाकावर, सगळ्यांच्या नाकासमोर ठेवले.

"बघा. नीट बघा. मला वात नव्हता. मला चिखल्या व्हत्या, अकरा वर्षं. माझं तेल मीच लावत व्हते आणि माझंच मला गुण देत नव्हतं. लाजेनं मोजे घातले. तुम्हाला पळवलं आणि मी घरात बसून रडले. ह्या पोरीच्या बाटलीनं तीन आठवड्यांत बेचक्या सुकल्या. झोंबली नाय, वास मारला नाय, गुपचूप काम केलं. आता जिला अक्कल हाय तिनं बाटली उचलावी. आणि यमुनाबाई, श्रावणाचं पाप माझ्यावर घाला, माझ्याकडे जागा हाय."

यमुनाबाई उठल्या, वाकून जाईबाईच्या बोटांच्या बेचक्या एकेक फाकवून पाहिल्या, आणि खोक्यातून आपली आठ नंबरची बाटली काढून घेतली. मागोमाग बाकीच्या.

सगळ्या गेल्यावर रसिकाने विचारलं, "आत्या, तू कुठली लावलीस?"

"विमलची. सतरा."

रसिकाने कपाळावर हात मारला. वहीत लिहिलं: सतरा, बाद. मग वही बाजूला ठेवून आत्याच्या गळ्यात पडली आणि दोघींनी मिळून एवढा गळा काढला की समोरच्या टपरीवरून धोंडू चहाचा पेला घेऊनच धावत आला.

भाद्रपदाच्या तोंडाला उल्का मॅडमच्या खोलीत पाकीट फोडायचं ठरलं. जाईबाई हट्टाने आली. धोंडूला सोबत आणलं. मोजे घातले नव्हते. नव्या सपाता होत्या आणि पाय दिसतील अशा बेताने ती खुर्चीत बसली होती.

मॅडमनी यादी उघडली, रसिकाने वही उघडली. औषधाच्या पंधराजणींपैकी तेराजणी साफ बऱ्या. तेल नसलेल्या चौदाजणींपैकी चौघी. मॅडमनी दोनदा मोजलं आणि रसिकाच्या पाठीवर हात ठेवला. यमुनाबाईंची आठ नंबर औषधाची निघाली.

"आणि सतरा?" जाईबाईने विचारलं. "ती बाद केलेली, पण सांगा की."

मॅडमनी बोट खाली सरकवत नेलं. थांबल्या. रसिकाकडे पाहिलं.

"सतरा... सतरा रिकामी होती, बाई. तीत तेल नव्हतं."

जाईबाईला आधी कळलंच नाही. "मग माझे पाय?"

"तुम्ही तेव्हा तुमचं तेल लावत होता?"

"कुठलं लावतेय! किल्ली हिच्याकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा सहा आठवडे नाय लावलं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "फाटलेल्या कातडीवर निव्वळ तेल रोज पडलं तर ती भाजत राहते. चिखल्या बहुतेक कधीच्या गेल्या असतील. जखम तेलानेच जिती ठेवली असावी."

जाईबाईने मान वळवून धोंडूकडे पाहिलं. धोंडू छताकडे बघत होता. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं एक वाक्य त्याच्या ओठांवर येऊन उभं होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"बोला," जाईबाई दातओठ खात म्हणाली. "बोलून घ्या एकदाचं."

"मी कुठं काय म्हणालो?" धोंडू म्हणाला.

जाईबाईचे डोळे भरून आले. वाडीसमोर मोजे काढले तेव्हा एवढं लागलं नव्हतं. रसिका तिच्या पायाशी बसली.

"आत्या, त्या तेराजणी कशाने बऱ्या झाल्या? तुझ्याच हंड्यातल्या तेलाने. दुसरं तेल मी वापरलंच नाही. बाजारातलं आणून बघितलं होतं, तुझ्यासारखं एक नव्हतं. फक्त ते एकदम ओतलं नाही. जरा जरा सोडलं."

"म्हणजे तेल चांगलं हाय."

"तेल पहिल्या नंबरचं आहे."

"माझा हात वाईट."

"हात जरा सैल आहे," रसिका म्हणाली, आणि जाईबाईने तिच्या डोक्यात टपली मारली, पण हलकी, इतकी हलकी की धोंडूने चमकून पाहिलं.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली. निवळी फाट्यापर्यंत ती गप्प होती. तिच्या बाबतीत हे म्हणजे आजारपणच. शेवटी म्हणाली, "अकरा वर्षं तुम्ही सांगत व्हतात, थांबवून बघ."

"हां."

"मग जोरात का नाय सांगितलंत?"

धोंडूने तिकीट घडी करून खिशात ठेवलं. "जोरात सांगायला तू मध्ये कुठं थांबत होतीस?"

ती त्याला काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण उतरताना पिशवी तिने घेतली, त्याला घेऊ दिली नाही.

पुढच्या आषाढात रसिकाच्या बाटल्यांची दुसरी फेरी आली, साठ बाटल्या. फाल्गुनात शिष्यवृत्ती वाढवून मिळाली होती. कुणी मागील दारी येऊन जुनं झोंबणारं तेल मागितलंच, तर जाईबाई वाटीभर खोबरेलात मोजून दोन थेंब घालायची आणि ओरडायची, "झोंबलं तर पाय धुवायचा आणि मला येऊन सांगायचं, समजलं?" लोकांना ते जरा मिळमिळीत वाटलं.

लावणीच्या पहिल्या सकाळी ती मळ्यावर आली. सपाता बांधावर काढून ठेवल्या. साडी खोचली, एक पाय आत घातला, आणि गार चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर आला तशी जागच्या जागी उभी राहिली. बांधावर धोंडू छत्री घेऊन बसला होता, तरव्याच्या मुठी बांधायला, कारण ते काम आता त्याच्याकडे आलं होतं.

"झोंबतंय काय गो?" त्याने विचारलं.

"नाय," जाईबाई म्हणाली. तिने डोळे पदराने पुसले, टोकाला जाऊन उभी राहिली आणि मागे वळून न बघता हात पुढे केला. "मूठ द्या. आणि जरा घट्ट बांधा, गोदीतल्या गोणी नायत त्या."